राहून गेलेले १३० मीटर

ठाण्याच्या तलावपाळीला रविवारी पहाटे गर्दीचे दोन थर असतात. एक चालणाऱ्यांचा, गप्पांच्या नादात अख्खा फुटपाथ व्यापणारा. दुसरा त्यांच्यातून वाट काढत धावणाऱ्यांचा. अशाच एका सकाळी गडकरी रंगायतनसमोर दोन बायका धावून थांबलेल्या दिसल्या. बरोबर निघालेल्या, बरोबर थांबलेल्या, चेहरे लालबुंद, टी-शर्ट पिळून काढावेत असे. एकीने घड्याळाचं बटण दाबलं आणि बाटली तोंडाला लावली. दुसरीने मनगटाकडे पाहिलं आणि पार्क केलेल्या स्कूटरांच्या मागे, तिथल्या तिथे, जड पावलांनी पुन्हा पळायला लागली. ‘अगं, झालं की!’ पहिली म्हणाली. ‘तुझं झालं. माझे अजून एकशे तीस मीटर राहिलेत.’ तिने ते पुरे केले, दहाचा आकडा आल्यावर थांबली. पण तिच्या चेहऱ्यावर दहा किलोमीटर धावल्याचा आनंद नव्हता, आपण कुठेतरी कमी पडलो असा भाव होता. तेच मनाला लागून राहिलं. दोघी एकाच रस्त्याने, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून धावल्या होत्या. ते १३० मीटर तिचे पाय आधीच धावून आले होते. घड्याळाने ते मोजले नव्हते, इतकंच.

मग ते गेले कुठे? त्यासाठी घड्याळात मीटर कुठून येतो ते बघावं लागतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एवढंच सांगत राहतात की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. तो संदेश मनगटापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून घड्याळ अंतर काढतं, आणि त्यासाठी निदान चार उपग्रह लागतात: तीन जागेसाठी, चौथा घड्याळाची स्वतःची वेळ सुधारून घेण्यासाठी. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेळेत नॅनोसेकंदांची चूक झाली की जमिनीवर मीटर सरकतात. उपग्रहांवरची अणुघड्याळं सापेक्षतेमुळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात; तेवढंही दुरुस्त केलं नाही तर दिवसाला ११ किलोमीटरची चूक साचेल. हे सगळं जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्या वॅटच्या ट्रान्समीटरवर चालतं, आणि त्यातला जो अंश ठाण्यात आपल्या मनगटावर पोहोचतो तो आजूबाजूच्या रेडिओ-कोलाहलापेक्षाही क्षीण असतो. इतक्या अशक्त आवाजातून जागा ओळखायची, आणि तीही आपला हात पुढे-मागे झुलत असताना. माणसाने हे साधलं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एवढं झाल्यावर घड्याळ दर सेकंदाला एक बिंदू टाकतं. ते बिंदू कधीच सरळ रेषेत पडत नाहीत. खऱ्या जागेच्या आजूबाजूला तीन-चार मीटर भिरभिरतात. तसेच जोडले तर रेघ नागमोडी होईल आणि अंतर फुगेल, म्हणून घड्याळातलं सॉफ्टवेअर त्यांना गुळगुळीत करतं. गुळगुळीत करताना मात्र कोपरे कापले जातात. सरळ रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. तळ्याभोवतीच्या फेऱ्यांत प्रत्येक वळणावर दोन-चार मीटर जातात आणि फेऱ्या वाढल्या की त्यांची बेरीज होते. दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर दोन वेगळ्या रीतीने कापतात, म्हणून दोन मैत्रिणींचे दोन आकडे. त्यात ‘ऑटो पॉज’ चालू असेल तर आणखी भर. गर्दीत पाय मंदावला की घड्याळ थांबतं, आणि पुन्हा वेग घेतल्यावर आपण धावतोय हे कळायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तलावपाळीसारख्या ठिकाणी हे दर मिनिटाला होऊ शकतं. शहरात धावताना ऑटो पॉज बंदच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. सिग्नलला थांबावंच लागलं तर हाताने थांबवावं.

सुरुवातीची घाई हेही एक मोठं कारण. उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती ३० सेकंदांच्या एका चक्रात पाठवतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पुरं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. घड्याळ आदल्या रात्री फोनशी सिंक केलेलं असेल तर पुढच्या काही दिवसांच्या कक्षा त्याला आधीच ठाऊक असतात आणि ते दहा-पंधरा सेकंदांत जीपीएस पकडतं. आठवडाभर सिंक केलं नसेल तर मात्र लिफ्टमधून उतरून सोसायटीच्या गेटाशीच बटण दाबणाऱ्याचा पहिला अर्धा किलोमीटर वेडावाकडा येतो. हिरवी खूण आल्यावरही मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबलेलं बरं. खूण येते तेव्हा जेमतेम चार-पाच उपग्रह हाती लागलेले असतात. मिनिटभरात ते बारा-पंधरा होतात. तेवढ्यात बुटांच्या नाड्या बांधून होतात.

घोडबंदर रोडला गोष्ट आणखी बिकट होते. काचेचे चाळीस-चाळीस मजली टॉवर, त्यांच्या मधून जाणारे अरुंद सर्व्हिस रोड आणि डोक्यावर मेट्रोच्या पुलाचा जाडजूड काँक्रीटचा पट्टा. पुलाखाली डोक्यावरचं आकाश झाकलं जातं, बाजूचं टॉवर झाकतात. उरलेल्या फटीतून जे येतं त्यातलं बरंचसं समोरच्या काचेवर आपटून आलेलं असतं. सरळ वाट अडली आणि फक्त परावर्तित लहर मिळाली, ती ६० मीटर जास्त फिरून आलेली असेल, तर घड्याळाच्या लेखी तो उपग्रह ६० मीटर लांब गेला. मग नकाशावर आपण रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीच्या पोटातून धावलेले दिसतो. ड्युअल-फ्रीक्वेन्सी घड्याळं इथेच पैसे वसूल करून देतात. १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जुन्या एल-१ पट्ट्यासोबत ती ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ पट्टाही ऐकतात. एल-१च्या संकेतातला एक तुकडा जमिनीवर मोजला तर सुमारे २९३ मीटर लांबीचा, एल-५चा २९ मीटरचा. तुकडा जितका आखूड, तितकी सरळ आलेली लहर आणि आपटून आलेली लहर वेगळी ओळखायला सोपी. आपल्या ‘नाविक’ या भारतीय जीपीएससारख्या यंत्रणेचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस पट्ट्यातच बोलत, त्यामुळे एल-१ ऐकणाऱ्या साध्या घड्याळांना त्यांचा उपयोग नव्हता. २९ मे २०२३ला गेलेल्या एनव्हीएस-०१पासून नाविक एल-१वरही आलं. हे उपग्रह भारताच्या आकाशात उंच दिसतात, आणि टॉवरांच्या दरीत नेमकं डोक्याजवळचंच आकाश उघडं असतं. ही घड्याळं ते ऐकू लागतील तितकं आपल्यासारख्या शहरांचं भलं आहे.

घोडबंदर रोडच्याच मोठमोठ्या संकुलांत पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीवर, जॉगिंग ट्रॅक असतो, आणि बाहेरच्या ट्रॅफिकला कंटाळलेली माणसं त्यावर फेऱ्या मारतात. बहुतेकांचा घड्याळावरचा राग तिथेच सुरू होतो. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे, पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, सहा मिनिटांचा आहे आणि बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळ दहा सेकंदांनी एकदा बिंदू टाकतंय. दोन बिंदूंमध्ये पाय सुमारे २७.८ मीटर धावतात, घड्याळ मात्र वर्तुळाची कड सोडून सरळ जीवा मोजतं, ती २६.८ मीटर. म्हणजे सुमारे साडेतीन टक्के तूट, फेरी पूर्ण गोल असेल तर दहा किलोमीटरला सुमारे ३५० मीटर. टॉवरांचा गोंधळ त्याहून वेगळा. उपाय साधा आहे. सेटिंगमध्ये नोंद ‘दर सेकंदाला’ करायची, बॅटरी-बचत मोड लांबच्या ट्रेकसाठी राखून ठेवायचा, आणि पोडियमची एक फेरी मोजपट्टीने किंवा मोजचाकाने एकदा मोजून फेऱ्या मोजायच्या. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकवर तर घड्याळाचा ‘ट्रॅक’ मोड निवडून लेनचा आकडा अचूक द्यायला हवा. लेन १.२२ मीटर रुंद असते आणि एकेका लेनने बाहेर गेलं की फेरी साडेसात मीटरहून थोडी जास्त लांबते. चौथ्या लेनमधून धावून पहिलीचा आकडा दिला तर प्रत्येक फेरीत बावीस-तेवीस मीटर बुडतात.

येऊरच्या जंगलात आकाशाचा प्रश्न वेगळा.

उपवन तलाव सोडून चढाला लागलं की हवा एकदम बदलते. ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास, पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारं पाणी, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर मिटलेली झाडं. पावसात जीपीएस बिघडतं असं पुष्कळ जण म्हणतात. खरं तर पावसाच्या थेंबांचा या लहरींना जवळजवळ काहीच त्रास नसतो. त्यांना अडवतात ती पाण्याने जड झालेली पानं, आणि एका बाजूचा डोंगर. पण येऊरला अंतराहून जास्त फसवते ती उंची. चांगल्या घड्याळात उंची हवेच्या दाबावरून मोजतात. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ समजतं आपण साडेआठ मीटर वर आलो. पावसाची मोठी सर येताना दाब दोनेक हेक्टोपास्कलने उतरला, तर गेटाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खात्यात सतरा मीटरची चढाई जमा होते. जाऊन-येऊन धावलं असेल तर सुरुवातीची आणि शेवटची उंची ताडून बघावी; जागा एकच असताना आकडे वेगळे असतील तर तेवढं हवामान. दुसरं कारण म्हणजे घड्याळाच्या कडेची ती बारीक छिद्रं. घाम, सनस्क्रीन, साबण साचून ती बुजली की आलेख पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. घड्याळ कोमट साध्या पाण्यात थोडा वेळ ठेवावं, हलवावं, पुसावं. टाचणी अजिबात घालू नये, आतला पडदा फाटतो. उंची जुळवायची तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीसारखं उत्तम ठिकाण नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे लिहिलेलीच असते.

शर्यतीच्या दिवशी उलट तक्रार ऐकू येते. वर्षा मॅरेथॉन संपवून आलेले धावपटू म्हणतात, मार्ग तीनशे मीटर जास्त होता. प्रमाणित मार्ग मोजण्याची पद्धत माहीत असली की बहुतेक वेळा कोडं सुटतं. असा मार्ग सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, शक्य तितक्या आखूड रेषेने. आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये असे ४२ मीटर निघतात. हजारो माणसांच्या गर्दीत ती आखूड रेषा कुणालाच मिळत नाही. आपण बाहेरून वळतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, खड्डे चुकवतो. म्हणून शर्यतीत ऑटो लॅप, म्हणजे घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप करायची नोंद, बंद करून किलोमीटरच्या पाटीशी हाताने लॅप दाबावा. नाहीतर घड्याळाच्या पेसवर विसंबून दोन तासांत अर्धमॅरेथॉन होणार असं वाटत असतं, आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये दीड-दोन मिनिटं निसटतात.

अंतराच्या चुकीने हिरमोड होतो. नाडीच्या चुकीने मात्र सरावच चुकीच्या दिशेने जातो, म्हणून ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मनगटाखालचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश टाकतात, रक्त तो शोषतं, ठोक्यागणिक रक्त वाढतं-घटतं तसा परतणारा प्रकाश बदलतो. पण हात झुलला, पट्टा हलला की तोही प्रकाश बदलतो, आणि पावलांचा ठेका नेमका नाडीच्याच वेगाच्या आसपास असतो. मिनिटाला १६५ पावलं पडताहेत, खरी नाडी १४०. सेन्सर गोंधळतो आणि १६५ दाखवू लागतो. अॅपमध्ये नाडीचा आणि पावलांचा आलेख एकावर एक ठेवून बघावा. दोन्ही एकमेकांना चिकटून सपाट गेले असतील तर ती नाडी नव्हे. घड्याळ मनगटाच्या हाडावर न घालता दोन बोटं वर सरकवावं, धावताना पट्टा एक भोक घट्ट करावा, धावून झाल्यावर सैल करावा. आपल्या दमट हवेत सिलिकॉनच्या पट्ट्याखाली पुरळ उठतं, ते बहुतेक वेळा साबण आणि घाम अडकून. रोज धुऊन, हात आणि पट्टा दोन्ही कोरडे करूनच घालावं. इंटरव्हल, म्हणजे आलटून-पालटून वेगात आणि हळू धावणं, करायचे असतील तर सरळ छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचा विद्युत-संकेत वाचतो. लावण्याआधी त्याचे दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे. घरी आल्यावर पॉड, म्हणजे पट्ट्यावरची सेन्सरची डबी, काढून ठेवायचा. ओल्या पट्ट्याला लटकलेला पॉड आपण अजून धावतोय असं समजून जागा राहतो आणि सीआर२०३२ सेल लवकर संपवतो.

नाडी बरोबर आली तरी झोन, म्हणजे नाडीनुसार पाडलेले सरावाच्या जोराचे टप्पे, कशावरून? घड्याळ विकत घेतल्यावर आपण जन्मतारीख भरतो आणि ते २२० वजा वय करून मोकळं होतं. हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. साठीच्या बाईला ते १६० सांगतं, २००१चं तनाका सूत्र १६६, आणि २०१०मध्ये खास स्त्रियांसाठी मांडलेलं २०६ वजा ०.८८ गुणिले वय हे सूत्र १५३. आता ज्याची खरी कमाल १८८ आहे त्याला घड्याळाने १७५ धरलं, तर १५० नाडीवर रमतगमत धावतानाही ते ८६ टक्के दाखवणार. प्रत्यक्षात ८० आहेत. तो माणूस ‘झोन टू’मध्ये, म्हणजे हलक्या सरावाच्या टप्प्यात, राहण्यासाठी चालायला लागतो आणि स्वतःला नालायक समजतो. त्यापेक्षा चाचणी करावी. अर्धा तास एकट्याने, शेवटपर्यंत टिकेल अशा सगळ्यात जोरकस वेगाने धावायचं, दहाव्या मिनिटाला लॅप दाबायचा, शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी नाडी ही आपली थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ पेलवेल अशी वरची मर्यादा. ती घड्याळात भरून त्यावरून झोन पाडायचे. पहाटे उपवनच्या कडेने हे जमतं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा चाळिशीनंतर नव्याने धावायला घेतलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच.

आणि मग येतो ठाण्याचा मे महिना. पहाटे पाचलाही अंगावरचा घाम वाळत नाही. घाम ठिबकून जातो, त्याची वाफ होत नाही, म्हणजे अंग थंड होतच नाही. रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त फेकलं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. पेस तोच, नाडी दहा-पंधराने जास्त. व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा, अंदाज वेग आणि नाडी यांच्या नात्यावरूनच निघतो, त्यामुळे तो आठवड्याला एकेक अंक खाली येतो आणि घड्याळ ‘अनप्रॉडक्टिव्ह’ असा शेरा मारतं. ज्या माणसाने चिकाटीने उन्हाळाभर पहाट गाठली, त्याच्या वाट्याला हा शेरा यावा याचं मला खरंच वाईट वाटतं. काही घड्याळं फोनवरून तापमान घेऊन २२ अंशांच्या वर सूट देतात, पण त्यासाठी फोन जोडलेला हवा आणि जागेची परवानगी दिलेली हवी. शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर पेस विसरून नाडीवर धावावं, आणि तुलना मेची मेशी करावी, जानेवारीशी नाही. घामाचा अंदाज घड्याळाकडून घेण्याऐवजी धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावं. एक किलो घटलं म्हणजे जवळजवळ एक लिटर गेलं. मध्ये प्यालेलं पाणी त्यात मिळवायचं.

कॅलरींविषयी थोडक्यात. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात उपकरणं तपासली तेव्हा सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्या आकड्यावर मामलेदारच्या मिसळीचा हिशेब बसवू नये. मिसळ भूक लागली म्हणून खावी.

रात्रीचे आकडे मला यापेक्षा कामाचे वाटतात, कारण तेव्हा हात स्थिर असतो. झोपेतली नाडी आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराची घटबढ, म्हणजे एचआरव्ही, दोन-तीन आठवडे सलग नोंदवली की आपली स्वतःची पातळी समजते. शेजाऱ्याशी तुलना इथे निरर्थक आहे. कुणाची पातळी ३० मिलिसेकंद असते, कुणाची ८०, आणि दोघंही ठणठणीत असतात. उशिरा जेवण, दारू, येऊ घातलेला ताप, पहाटेची लोकल पकडण्यासाठी तुटलेली झोप, सगळं त्यात उमटतं. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढलेली आणि एचआरव्ही पडलेला, असं दोन दिवस लागोपाठ दिसलं तर टेम्पो रन, म्हणजे नेटाने वेगात धावण्याचा सराव, पुढे ढकलावा.

एक गोष्ट मात्र घरातल्या ज्येष्ठांना मुद्दाम समजावून सांगावी, विशेषतः मुलांनी वाढदिवसाला घड्याळ भेट दिलं असेल तर. घड्याळावरचा ईसीजी बोट टेकवून तीस सेकंद घेतात, तो एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा असतो. नाडी अनियमित आहे का, एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीची) खूण आहे का, एवढं तो सांगू शकतो. हृदयविकाराचा झटका तो ओळखत नाही. दवाखान्यात बारा लीडचा काढतात तो यासाठीच. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, कारण नसताना फुटलेला घाम, यांपैकी काहीही झालं आणि पडद्यावर ‘सायनस ऱ्हिदम’ (नेहमीची नियमित लय) असं लिहून आलं, तरी पुन्हा पुन्हा बोट टेकवत बसू नये. १०८ला फोन करावा किंवा कुणाला तरी हाक मारून थेट हॉस्पिटल गाठावं. धडधड येऊन-जाऊन होत असेल, डॉक्टरांसमोर बसल्यावर हटकून थांबत असेल, तर धडधडीच्या वेळी घेतलेली ईसीजीची पट्टी फार मोलाची ठरते. अॅपमधून तिची पीडीएफ काढून, तेव्हा आपण काय करत होतो ते शेजारी लिहून, कागदावर छापून डॉक्टरांकडे न्यावी.